पिशवी, भूल आणि म्हातारचळ

"ऑपरेशन चांगलं झालं हो, पण आईचं डोकं काही पहिल्यासारखं राहिलं नाही."

हे वाक्य तुमच्यापैकी बहुतेकांनी कुणा ना कुणाच्या तोंडून ऐकलं असेल. कुणाचं अंग बाहेर येत होतं, कुणाच्या पिशवीत गाठ होती, कुणाचा लघवीवरचा ताबा सुटला होता. वय पासष्ट, सत्तर, पंच्याहत्तर. टाके जुळले, घरी सोडलं, आणि मग लक्षात आलं की बाई तारीख विसरतेय, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारतेय, किंवा दवाखान्यातल्या दोन-तीन रात्री असं काही बरळली की घरच्यांनी अंगारा आणला. डॉक्टर म्हणतात, वय झालं. शेजारी म्हणतात, भूल चढली. घरातले गप्प बसतात.

आपल्या मराठीत याला दोन वेगळे शब्द आहेत. एक 'वात'. तापात, दुखण्यात माणूस बरळायला लागला की जुनी माणसं म्हणायची, वात झालाय. तो येतो आणि दुखणं उतरलं की जातो. दुसरा 'म्हातारचळ'. तो हळूहळू येतो आणि जात नाही. आजीच्या पिढीला हा फरक ठाऊक होता. आज मोठमोठ्या हॉस्पिटलांच्या वॉर्डात तो फरक पुसला गेलाय, आणि त्याची किंमत म्हाताऱ्या बायका मोजतायत.

मी डॉक्टर नाही. जुनी कागदपत्रं आणि वैद्यकाचा इतिहास वाचायचा नाद आहे, एवढंच. त्या वाचनातून एक गोष्ट दिसली, ती आज सांगतो. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी पिशवीलाच वेड ठरवलं

'हिस्टेरिया' हा शब्द आपण सर्रास वापरतो. तो आला ग्रीक भाषेतल्या 'हिस्टेरा' या शब्दावरून, आणि त्याचा अर्थ गर्भाशय. प्राचीन ग्रीक वैद्यांच्या काही ग्रंथांत असं मांडलंय की गर्भाशय शरीरात जागा सोडून फिरतं आणि त्यामुळे बाईचा श्वास कोंडतो, झटके येतात, भान जातं. म्हणजे बाईच्या मनात काही बिघडलं तर त्याचं मूळ ओटीपोटात शोधायचं, ही सवय दोन हजार वर्षांहून जुनी आहे.

तोवर निदान कुणी पोट उघडत नव्हतं. १८०९ साली अमेरिकेत केंटकी राज्यातल्या डॅनव्हिल गावी इफ्रेम मॅकडॉवेल नावाच्या डॉक्टरने जेन टॉड क्रॉफर्ड या बाईच्या बीजकोशाची दहा किलोच्या आसपासची गाठ काढली. भूल नव्हती. क्लोरोफॉर्म आणि ईथर यायला अजून पस्तीस-चाळीस वर्षं होती. ती बाई ऑपरेशनसाठी घोड्यावरून लांबचा प्रवास करून आली होती, आणि त्यानंतर तीस वर्षांहून जास्त जगली. ही खरी शौर्याची गोष्ट आहे, आणि शौर्य मुख्यतः तिचं आहे.

भूल आली, जंतूंचं ज्ञान आलं, तसे सर्जन धीट झाले. आणि इथे जुनी सवय नव्या हत्याराला येऊन मिळाली. लंडनच्या आयझॅक बेकर ब्राऊनने मिरगी आणि हिस्टेरियावर उपाय म्हणून बायकांचा योनिलिंग हा अवयव कापून टाकायला सुरुवात केली. पुष्कळदा बाईला किंवा तिच्या घरच्यांना नेमकं काय कापणार हे नीट सांगितलेलंही नसायचं. १८६७ साली तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या सोसायटीने त्याला काढून टाकलं. पण विचार मेला नाही. १८७२ साली अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात रॉबर्ट बॅटीने एका तरुणीचे दोन्ही बीजकोश काढले. जर्मनीत हेगार आणि इंग्लंडात लॉसन टेट यांनी त्याच उन्हाळ्यात तशीच ऑपरेशनं केली. बॅटीने तर त्याला 'नॉर्मल ओव्हॅरिओटॉमी' असं नावच दिलं, कारण गाठबीठ काही नसताना ते काढायचे. कारणं काय? पाळीच्या वेदना, झटके, 'वेड'. पुढच्या वीस-तीस वर्षांत युरोप-अमेरिकेत हजारो बायकांवर हे झालं. वेड्यांच्या इस्पितळांतल्या बायकाही त्यातून सुटल्या नाहीत.

हिशेब सोपा होता: डोकं बिघडलंय ना, मग पोट कापा.

मग कापल्यावर डोकं बिघडू लागलं

गंमत बघा. त्याच काळात उलटी बातमीही येऊ लागली. १८८७ साली लंडनच्या बेथलेम मनोरुग्णालयाचे डॉक्टर जॉर्ज सॅव्हेज यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये भूल दिल्यानंतर आलेल्या वेडावर लेख लिहिला. त्याच सुमारास बायकांच्या ओटीपोटाच्या ऑपरेशननंतर अचानक उन्माद किंवा खोल औदासीन्य येतं, अशी टिपणं अमेरिका-इंग्लंडातले सर्जन छापू लागले.

कारणांवरून भांडणं झाली. कुणी म्हणालं क्लोरोफॉर्म, कुणी म्हणालं रक्तात पू भिनला, कुणी म्हणालं बीजकोश गेले म्हणून, कुणी म्हणालं बाईचा स्वभावच तसा. एक कारण मात्र चांगलं पकडलं गेलं. तेव्हा जखमेवर आयडोफॉर्म नावाची पिवळी, उग्र वासाची पूड भरपूर घालायचे. ती अंगात शोषली गेली की माणूस, विशेषतः म्हातारं माणूस, भ्रमात जायचं. म्हणजे जखम बरी व्हावी म्हणून घातलेलं औषधच डोक्याला बाधत होतं. पूड कमी केली की भ्रम कमी झाला.

हा छोटासा धडा फार मोठा होता. ऑपरेशननंतरचा भ्रम हा बाईच्या स्वभावातून येत नाही, त्याला कारण असतं, आणि कारण शोधलं तर उपाय होतो. पण तो धडा पुढे जवळजवळ विसरला गेला.

मुंबईचे दोन डॉक्टर

आता थोडं आपल्याकडे येऊ, कारण या इतिहासात आपलीही माणसं आहेत.

अंग बाहेर येणं हा आपल्या बायकांचा जुना आजार. लागोपाठ बाळंतपणं, बाळंतपणानंतर लगेच उचललेली ओझी, कुपोषण, जुनाट खोकला. ओटीपोटाचे आधार सैल होतात आणि पिशवी खाली सरकते. लाजेपायी बाई वर्षानुवर्षं सांगत नाही, फडकं गुंडाळून शेतात राबते. सोपा उपाय म्हणजे पिशवी काढून टाकायची.

पण मुंबईत काही डॉक्टर वेगळा विचार करत होते. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मूळचे गोव्यातल्या शिरोड्याचे, शिकले मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. गर्भ टिकावा म्हणून पिशवीच्या तोंडाला घालायचा 'शिरोडकर टाका' जगभर गेला, तो यांचाच. याच शिरोडकरांनी खाली आलेली पिशवी न काढता पट्ट्याच्या आधाराने वर बांधायचं ऑपरेशन बसवलं. मुंबईच्याच डॉ. पुरंदरे यांचंही याच हेतूचं ऑपरेशन आजही स्त्रीरोगाच्या पाठ्यपुस्तकात त्यांच्या नावाने शिकवतात. ही ऑपरेशनं मुख्यतः तरुण बायकांसाठी होती. मूल हवं असेल, पाळी टिकवायची असेल, तर अवयव का काढायचा, हा साधा प्रश्न त्यामागे होता.

हे मुद्दाम सांगतोय. 'आपल्याकडे कुठे हे ज्ञान होतं' असं म्हणायची सोय नाही. होतं, आणि मुंबईत होतं. तिथून तालुक्याच्या गावी मात्र ते नीट पोचलं नाही.

नातेवाइकांचं ऐकणारा डॉक्टर

इकडे युरोपात म्हाताऱ्यांची संख्या वाढत होती आणि भूल सुरक्षित झाल्यामुळे म्हातारपणी ऑपरेशनंही वाढत होती. १९५५ साली ऑक्सफर्डच्या डॉ. बेडफर्ड यांनी लॅन्सेट या साप्ताहिकात एक लेख लिहिला. त्याची सुरुवातच नातेवाइकांच्या तक्रारीतून झाली होती: ऑपरेशन झाल्यापासून आमचं माणूस पहिल्यासारखं राहिलं नाही. आपण वर ऐकलं तेच वाक्य, इंग्रजीत.

बेडफर्डने हे हसण्यावारी नेलं नाही. भूल दिलेल्या हजाराहून अधिक वयस्क रुग्णांची माहिती तपासली आणि लिहिलं की काहींच्या बुद्धीवर खरोखर टिकाऊ परिणाम झालेला दिसतो. म्हणून म्हाताऱ्यांची ऑपरेशनं खरी गरज असेल तरच करा, ऑपरेशननंतरची औषधं सरसकट सगळ्यांना देऊ नका, भुलेत रक्तदाब फार पडू देऊ नका. सहा वर्षांनी दुसऱ्या एका गटाने पाहणी केली, त्यांना एवढा परिणाम दिसला नाही. वाद तसाच लोंबकळला. बेडफर्डने आधी आणि नंतर अशी मोजणी केलेली नव्हती, हा आक्षेप रास्तच होता.

ती मोजणी झाली १९९८ साली. युरोपातल्या आठ देशांत आणि अमेरिकेत मिळून १३ हॉस्पिटलांनी साठीच्या वरच्या १२१८ रुग्णांची स्मरणशक्ती आणि लक्ष ऑपरेशनच्या आधी तपासलं, मग एका आठवड्याने, मग तीन महिन्यांनी. यात मोठी ऑपरेशनं होती, हृदयाची नव्हती. आठवड्यानंतर २५.८ टक्के लोकांची बुद्धी मंदावलेली आढळली, तीन महिन्यांनंतर ९.९ टक्के. ऑपरेशन न झालेल्या त्याच वयाच्या लोकांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. दहातले नऊ जण तीन महिन्यांत सावरले होते किंवा त्यांना काही झालंच नव्हतं. म्हणून घाबरून गरजेचं ऑपरेशन टाळू नका. कॅन्सरची गाठ असेल, रक्तस्राव थांबत नसेल, तर ऑपरेशनच जीव वाचवतं. पण दहातल्या एकाला काही तरी होत होतं, हेही खरं. म्हणजे नातेवाइकांची तक्रार भ्रम नव्हती.

आणखी एक समज इथेच निकालात काढतो. आपल्याकडे लोक आग्रह धरतात की पूर्ण भूल नको, पाठीत इंजेक्शन द्या, म्हणजे डोक्याला त्रास नाही. २०२१ साली खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांवर दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले, एक चीनमध्ये, एक अमेरिका-कॅनडात. दोन्हीत पाठीतली भूल आणि पूर्ण भूल यांत भ्रमाचं प्रमाण जवळपास सारखंच आलं. याचा अर्थ दोष एकट्या भुलेवर टाकता येत नाही. ऑपरेशनचा ताण, जंतुसंसर्ग, वेदना, झोपमोड, औषधं, सगळं मिळून ते होतं.

वात ओळखायचा कसा

माझी आत्या ७१ वर्षांची असताना तिचं अंग बाहेर येण्याचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या रात्री मी तिच्या सोबतीला होतो. दोन वाजता ती उठून बसली आणि म्हणाली, "हे कुठं गेले रे? जेवायचे थांबलेत." आत्याचे यजमान जाऊन तोवर अकरा वर्षं झाली होती. मग तिने लघवीची नळी ओढायला सुरुवात केली. वॉर्डातल्या माणसांनी तिचे हात कॉटला बांधले आणि झोपेचं इंजेक्शन दिलं. सकाळी ती आणखी बिथरलेली. "वय झालंय, होतं असं," हे उत्तर मला तीन जणांनी दिलं. चौथ्या, तरुण डॉक्टर बाईंनी मात्र रक्त-लघवी तपासली. सोडियम कमी होतं, लघवीत संसर्ग होता. चष्मा आमच्याच पिशवीत पडून होता आणि कानाचं यंत्र घरी. संसर्गाचं औषध सुरू झालं, हात सोडले, चष्मा चढवला, यंत्र मागवलं. पाचव्या दिवशी आत्या मला म्हणाली, "तू दाढी का नाही केलीस रे?" आली होती ती परत.

याला वैद्यकात 'डिलिरियम' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मोठा छान आहे: नांगराने तास सोडून जाणं. शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. बैल बिथरला, नांगर तासाबाहेर गेला. जमीन तीच आहे, बैल तोच आहे. त्याला पुन्हा तासावर आणायचं असतं.

१९९० साली अमेरिकेतल्या डॉ. शॅरन इनोये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा वात ओळखायची सोपी पद्धत छापली. खाटेजवळ उभं राहून काही मिनिटांत करता येते. बदल अचानक झालाय का आणि दिवसभरात कमी-जास्त होतो का? लक्ष टिकत नाही ना? या दोन्ही गोष्टी आहेत, आणि शिवाय बोलणं तुटक आहे किंवा शुद्ध कमी-जास्त होतेय, तर हा वात आहे, म्हातारचळ नाही. कारण शोधा.

आणि एक लक्षात ठेवा. वातात सगळेच आरडाओरडा करत नाहीत. पुष्कळ म्हाताऱ्या बायका निपचित पडून राहतात, हाकेला ओ देत नाहीत, जेवत नाहीत. वॉर्डात त्यांना 'शांत पेशंट' म्हणतात. हा गप्प वात जास्त धोक्याचा, कारण त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

याच इनोये यांनी १९९९ साली सत्तरीच्या वरच्या ८५२ रुग्णांवरचा अभ्यास छापला. ते ऑपरेशनचे नव्हते, औषधोपचारासाठी दाखल झालेले होते, पण धडा तोच. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला त्याशिवाय चष्मा, कानाचं यंत्र, पुरेसं पाणी, रात्री शांतता, दिवसा चालवणं, आज कोणता वार आहे, आपण कुठे आहोत हे बोलत राहणं. पहिल्या गटात वात झाला १५ टक्क्यांना, दुसऱ्यात ९.९ टक्क्यांना. एकही नवं औषध नाही, नवं मशीन नाही. आपल्याकडे तर सोबतीला नातेवाईक असतातच. त्यांना फक्त काय करायचं ते कुणी सांगत नाही.

औषधांचं म्हणाल तर धोत्रा आठवा. धोत्र्याचं बी पोटात गेलं की माणसाची तहान वाढते, डोळे तारवटतात आणि तो नसलेल्या गोष्टी बघतो. शरीरातल्या ज्या रसायनाला धोत्रा अडवतो, त्यालाच अडवणारी पुष्कळ औषधं आपण रोज घेतो: सर्दीच्या, खाजेच्या काही गोळ्या, झोपेसाठी म्हणून दिलेली काही जुनी औषधं, आणि ओटीपोटाच्या ऑपरेशननंतर वारंवार लघवीला होतं म्हणून दिलेल्या काही गोळ्यासुद्धा. तरुण माणसाला त्या पचतात, म्हाताऱ्या मेंदूला बाधतात. अशी औषधं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश जास्त आढळतो, असं २०१५ सालच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दिसलं. त्यामुळेच ते झालं असं ठामपणे म्हणता येत नाही, पण डॉक्टरांना विचारायला नक्की हवं. स्वतःच्या मनाने मात्र गोळ्या बंद करू नका.

बीजकोशांचा उशिरा आलेला हिशेब

इथवर झालं ते ऑपरेशननंतरच्या दिवसांचं आणि महिन्यांचं. आता वर्षांचं.

पिशवी काढताना अनेकदा बीजकोशही काढतात. 'आता त्यांचा काय उपयोग' असा विचार असतो. बीजकोश गेले की इस्ट्रोजेन एकदम तुटतं. नैसर्गिक पाळी जाताना ते काही वर्षांत उतरतं, इथे एका दुपारी संपतं. १९८०च्या दशकाच्या शेवटी कॅनडातल्या बार्बरा शेर्विन यांनी अशा बायकांची स्मरणशक्ती तपासायला सुरुवात केली आणि संप्रेरकांचा त्याच्याशी संबंध असल्याचं दाखवलं. मग २००७ साली अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधल्या डॉ. वॉल्टर रोका यांच्या गटाने १९५० ते १९८७ या काळात, पाळी जायच्या आधीच, एक किंवा दोन्ही बीजकोश काढलेल्या १४८९ बायकांचा मागोवा घेतला. तुलनेला त्याच भागातल्या, तेवढ्याच वयाच्या जवळपास तेवढ्याच बायका. निष्कर्ष असा की म्हातारपणी बुद्धी क्षीण होण्याचा किंवा स्मृतिभ्रंशाचा धोका बीजकोश काढलेल्यांत सुमारे दीडपट होता. ऑपरेशन जितकं कमी वयात, तितका धोका जास्त.

बॅटीच्या पहिल्या ऑपरेशनपासून हा हिशेब मांडायला १३५ वर्षं लागली.

आणि पासष्टीनंतर गोळ्या घेऊन हे भरून काढू म्हणाल, तर तेही नाही. २००३ साली अमेरिकेतल्या साडेचार हजार वृद्ध बायकांच्या अभ्यासात, उशिरा सुरू केलेल्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन गोळ्यांनी स्मृतिभ्रंशाचा धोका उलट दुप्पट झाला. तरुणपणी बीजकोश गेले असतील तर संप्रेरकं कधी, किती, कुठवर घ्यायची, हा तज्ज्ञ डॉक्टरांशी त्याच वेळी बोलायचा विषय आहे. वीस वर्षांनी नाही.

आणि मग बीड

हे सगळं परदेशी आकडे म्हणून सोडून द्यायचं, तर समोर बीड जिल्हा उभा राहतो.

ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी जाते, तिला 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक दिवस कामावर नाही गेलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीत पोट दुखलं, अंगावरून पांढरं गेलं, तर फडात संडास नाही, पाणी नाही. अशा बाईला कुणी सांगितलं की पिशवी काढ, नाहीतर कॅन्सर होईल, तर ती उचलीतून पैसे काढून ऑपरेशन करते. २०१९ साली या प्रकरणाला वाचा फुटली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. पाहणीत जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार बायकांपैकी १३ हजार ८०० हून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहातली एक. त्याच सुमारास देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं.

बिहार, छत्तीसगड, राजस्थानातून अशाच तक्रारी सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला: केंद्राने २०२२ साली तयार केलेली, अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत.

बातम्या आल्या, चर्चा झाली, समित्या झाल्या. पण त्या चर्चेत एक प्रश्न मला फारसा दिसला नाही. या बायकांपैकी कितीजणींचे बीजकोशही गेले? तिशी-पस्तिशीत ऑपरेशन झालेली बाई आज चाळिशीत असेल. ती साठीला पोचेल तेव्हा तिच्या विसरण्याला आपण 'वय झालं' म्हणणार आहोत का? रोका यांच्या अभ्यासातल्या बायकांची जुनी हॉस्पिटलची कागदपत्रं जपून ठेवलेली होती म्हणून पन्नास वर्षांनी तो हिशेब मांडता आला. आपल्या बाईच्या हातात काय कागद आहे? पुष्कळजणींना काय काढलं तेच माहीत नाही. "पिशवी काढली", बस्स.

तर मागणी काय

पहिली, डिस्चार्ज कार्डावर मराठीत ठळक अक्षरांत लिहा: गर्भाशय काढलं की ठेवलं, डावा बीजकोश, उजवा बीजकोश, आणि कारण काय. सरकारी असो की खाजगी. याला पैसा लागत नाही. जिल्हा पातळीवरच्या देखरेख समितीने एवढं तपासलं तरी वीस वर्षांनी कुणाला तरी हिशेब मांडता येईल.

दुसरी, साठीच्या वरच्या प्रत्येक बाईची ऑपरेशनआधी स्मरणशक्तीची साधी चाचणी करून केस पेपरवर नोंदवा. आधी किती होतं हेच माहीत नसेल, तर नंतर किती गेलं कसं कळणार?

तिसरी आपल्यासाठी, म्हणजे सोबतीला बसणाऱ्यांसाठी. चष्मा, कवळी, कानाचं यंत्र बरोबर न्या. घरी चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा, सर्दी-झोपेच्या गोळ्यांसकट. बोलण्यात अचानक फरक पडला तर "काल सकाळी ती ठीक होती" हे वाक्य ठासून सांगा, कारण ही माहिती फक्त तुमच्याकडे असते. संसर्ग आहे का, सोडियम किती, लघवी तुंबलीय का, शौचाला झालंय का, दुखतंय का, नवं औषध कोणतं, हे विचारा. हात बांधायच्या आधी विचारा. आणि घरी आल्यावर तीन महिन्यांनीही फरक वाटत असेल तर पुन्हा दाखवा. तेव्हा "वय झालं" हे उत्तर घेऊन परतू नका.

या सगळ्या इतिहासात सर्जनांची नावं आहेत, मासिकांची आहेत, सालं आहेत. ज्यांच्यावर कापाकापी झाली त्यांचे शब्द जवळजवळ कुठेच नाहीत. आधी तिच्या डोक्यासाठी पोट कापलं, मग पोट कापल्यावर डोक्याचं काय झालं ते विचारलं नाही. दोन्ही वेळा तिला कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून एक विनंती. तुमच्या घरात, गल्लीत, वस्तीवर अशा बायका आहेत. त्यांना बसून विचारा: काय काढलं होतं, का काढलं, नंतर कसं वाटलं? जुनी फाईल असेल तर फेकू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. सांगण्यासारखं असेल तर कमेंटमध्ये लिहा. पेशंटचं, डॉक्टरांचं, दवाखान्याचं नाव नको. गाव, साल आणि वय पुरे.